तिसरीतलं वाचन, दुसरीतली वजाबाकी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘असर’च्या पाहणीत मुलांना वाचायला देतात तो कागद अगदी साधा असतो. त्यावर काही सुटी अक्षरं असतात, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. पाहणी शाळेत होत नाही, घरी होते. कार्यकर्ता मुलाशेजारी बसतो, कागद पुढे ठेवतो आणि मुलाला सहज काय वाचता येतं ते पाहतो. गुण नाहीत, नंबर नाही, घड्याळ नाही.

प्रथम ही संस्था २००५ पासून ग्रामीण भारतात ही पाहणी करत आली आहे. २०२४ मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास मुलांपर्यंत ती पोहोचली. तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. हातच्याची दोन अंकी वजाबाकी ३३.७ टक्के मुलांना जमली. २०२२ मध्ये, करोनाच्या टाळेबंदीनंतर, वाचनाचा हाच आकडा २०.५ टक्के होता. म्हणजे दोन वर्षांत सुधारणा झाली आणि ती मोलाची आहे. तरीही तिसरीतल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांच्या हातातलं पाठ्यपुस्तक त्यांना वाचताच येत नाही, हे त्या आकड्याचं दुसरं रूप आहे.

अशी मुलं शाळेत येत नाहीत असं नाही. सहा ते चौदा वयोगटातल्या मुलांची पटनोंदणी देशभर ९८ टक्क्यांच्या घरात आहे. मुलं वर्गात बसलेली आहेत आणि तरी मागे आहेत. याची जी कारणं आपण एकमेकांना सांगतो, त्यातली बरीचशी तपासून पाहिली तर टिकत नाहीत.

‘पुढच्या वर्गात गेला की आपोआप येईल’

हा सर्वांत दिलासा देणारा आणि सर्वांत घातक गैरसमज. पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येते. आठवीपर्यंत हा आकडा ७१ टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे आठ वर्षं शाळेत काढूनही दर चार मुलांतल्या एकाहून अधिकांना दुसरीचं वाचन जमलेलं नसतं. वय वाढतं, वर्ग बदलतो, पण सुटलेला धागा मागे जाऊन कुणी हातात दिला नाही तर तो सुटलेलाच राहतो.

याचं कारण तिसरीच्या पुस्तकातच आहे. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकतं. तिसरीपासून पुस्तक असं गृहीत धरतं की मूल वाचून शिकेल. परिसर अभ्यासाचा धडा, गणितातली शाब्दिक उदाहरणं, स्वाध्यायाच्या सूचना हे सगळं वाचनावर उभं आहे. ज्याला वाचता येत नाही तो एकाच विषयात मागे पडत नाही, सगळ्या विषयांत एकदम मागे पडतो. त्यामुळेच २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत वाचन-लेखन आणि संख्याज्ञानाला अग्रक्रम दिला आणि जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीची सीमारेषा धरून २०२६-२७ ही मुदत ठरवली.

‘आठवीपर्यंत पास करतात म्हणून ही पाळी आली’

चहाच्या टपरीपासून शिक्षक संघटनेच्या बैठकीपर्यंत हे वाक्य ऐकू येतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या १६ व्या कलमाने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायला बंदी केली. पण ‘असर’च्या कायद्यापूर्वीच्या पाहण्या काढून पाहा. तेव्हाही पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नव्हता. दुखणं कायद्याच्या आधीचं आहे.

२०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि पुढे आपल्याकडे पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आल्या. मूल्यमापन हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण पहिलीत अक्षरांवर अडलेलं मूल पाचवीच्या परीक्षेत सापडणार असेल, तर आपण चार वर्षं उशिरा पोहोचलो. शिवाय नापास झाल्यावर त्याच मुलाला त्याच पुस्तकातून त्याच पद्धतीने पुन्हा शिकवलं तर वर्षभरात वेगळं काय घडणार?

‘आधी पूर्ण मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द’

आपण सगळे असेच शिकलो, त्यामुळे हा क्रम आपल्याला निसर्गाचा नियम वाटतो. पण मुलाच्या बाजूने पाहा. देवनागरीत चौतीसेक व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशेच्या वर चिन्हं होतात. जोडाक्षरं वेगळीच. इंग्रजीची सव्वीस अक्षरं आणि आपली अक्षरमाला यांची तुलनाच होत नाही. कन्नडसारख्या आपल्याच धाटणीच्या लिपीवर सोनाली नाग यांनी केलेल्या संशोधनात दिसलं की मुलांचं अक्षरज्ञान चौथी-पाचवीपर्यंत पक्कं होत जातं. म्हणजे ‘पहिली संपेपर्यंत सगळी अक्षरं आलीच पाहिजेत’ ही अपेक्षा मुळात चुकीची आहे. आणि सगळी अक्षरं येईपर्यंत वाचायला काहीच द्यायचं नाही ही पद्धत तर मुलावर अन्याय करणारी आहे. महिनोन्‌महिने मूल ‘ङ’ आणि ‘ञ’ गिरवतं, एकही गोष्ट वाचत नाही आणि वाचणं म्हणजे कंटाळा अशी त्याची खात्री होते.

याला पर्याय नाही असंही नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी वेगळी वाट आखली. अक्षरांचे छोटे गट घ्यायचे, काना-वेलांटी लवकर आणायची आणि त्यातून लगेच अर्थपूर्ण शब्द, वाक्यं वाचायला द्यायची. क, म, ल, न ही चार अक्षरं आणि एक काना एवढंच घेऊन पाहा. काम, कान, नाक, मका, मला, लाल, मामा, काका, कमान इतके शब्द तयार होतात. ‘मामाला काम, काकाला मका’ हे मूल पहिल्या काही आठवड्यांत स्वतः वाचू शकतं. ते वाचल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते बाराखडीच्या तक्त्यावर छडी फिरवून कधीच येत नाही.

याच गैरसमजाचं जुळं भावंड म्हणजे ‘खडाखडा म्हणतो, म्हणजे वाचतो’. पहिली-दुसरीत पाठ्यपुस्तकाचा धडा बऱ्याच मुलांना तोंडपाठ असतो. बोट एका ओळीवर, आवाज दुसऱ्या ओळीचा. अनोळखी चार ओळी पुढे ठेवल्या की खरं कळतं. आणि याच्या उलट टोकाला असतं ते मूल, जे प्रत्येक अक्षर फोडून वाचतं : ‘म ला काना मा, म ला काना मा, न ला एक मात्रा ने’. ‘मामाने’ हा एक शब्द संपेपर्यंत त्याची सगळी शक्ती खर्च झालेली असते. ‘आंबे’ येईपर्यंत ‘मामाने’ विसरलेलं असतं, ‘आणले’पर्यंत दोन्ही. त्याला अक्षरं येतात, तरी वाक्य कळत नाही. डोक्यात एका वेळी मावणाऱ्या गोष्टींना मर्यादा असते. ती सगळी जागा अक्षरं ओळखण्यातच गेली तर अर्थाला जागा उरत नाही. म्हणून वाचनाचा वेग महत्त्वाचा. ‘निपुण’च्या उद्दिष्टांत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत असं म्हटलं आहे. त्यातला ‘समजून’ हा शब्द साठ या आकड्याइतकाच वजनदार आहे. दुर्दैवाने तपासणीत घड्याळ लावणं सोपं असतं आणि समज तपासायला वेळ लागतो, त्यामुळे वर्गात अनेकदा आकडाच तेवढा उरतो.

लेखनाचंही असंच आहे. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा करणारा एक अभ्यास झाला. शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने तो २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. वर्गातलं ‘लेखन’ बहुतांशी फळ्यावरचं उतरवून घेणं होतं आणि मुलाला स्वतःचं काही मांडायची संधी फार थोडी मिळत होती, हे त्यातलं निरीक्षण मराठी शाळा पाहिलेल्या कुणालाही पटेल. काल मी कुठे गेलो, आमच्या शेळीला किती करडं झाली, हे पहिलीतल्या मुलाने मोडक्यातोडक्या अक्षरांत लिहिलं तर ते लेखन आहे. वळणदार अक्षरात धडा उतरवला तर ती नक्कल आहे.

‘घरची बोली अशुद्ध, तिच्यामुळे वाचन बिघडतं’

पुस्तकात ‘पाणी’ छापलेलं आहे आणि मूल ‘पानी’ वाचतं. शिक्षक थांबवतात, दुरुस्त करतात, पुन्हा वाचायला लावतात. खरं तर त्या मुलाने छापलेली अक्षरं ओळखली, शब्द जुळवला, त्याचा अर्थ लावला आणि तो आपल्या घरच्या उच्चारात म्हटला. वाचनाची क्रिया पूर्ण झाली. उच्चाराचं काम नंतर करता येतं. वाचताना मध्येच थांबवलं तर मूल एवढंच शिकतं की तोंड न उघडणं बरं.

हे मराठीच्या बोलींचं झालं. मेळघाटातल्या कोरकू, गडचिरोलीतल्या गोंडी, यवतमाळमधल्या कोलामी किंवा नंदुरबारच्या भिली-पावरी बोलणाऱ्या मुलाची अडचण याहून मोठी आहे. त्याच्यासाठी पहिलीची मराठी ही नवी भाषा असते. त्याला ‘क’ची ओळख करून द्यायला ‘कमळ’ दाखवलं, तर त्याला तीन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात : चिन्ह, आवाज आणि अनोळखी शब्द. अशा मुलाशी पहिले काही महिने भरपूर बोलणं, त्याच्या भाषेत गोष्टी ऐकणं-सांगणं आणि त्याच्या भाषेच्या पुलावरून मराठीकडे येणं हाच जवळचा रस्ता आहे. बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांची बालवाडी त्यांच्या अंगणात, कुरणात नेली, तेव्हा शाळेने मुलाकडे जायचं हेच त्यांनी करून दाखवलं. ‘अंगणवाडी’ आज देशभर आहे, पण त्यामागचा हा विचार किती शाळांत पोहोचला, हा प्रश्न मला सतावतो.

इंग्रजी माध्यमाचंही इथेच बोलून टाकतो. घरी इंग्रजीचा एक शब्द नसलेल्या मुलाला गल्लीतल्या इंग्रजी शाळेत घातलं की त्याचा पाया पक्का होतो, हे खरं नाही. त्याची अवस्था मराठी शाळेतल्या कोरकू मुलासारखीच होते, फरक इतकाच की पालक त्यासाठी फी भरतात.

‘गणित डोक्यातच असावं लागतं’

२०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ त्यात होते. या मुलांकडून मुद्दाम अडनिड्या वजनाची भाजी घेतली गेली : वीस रुपये किलोचे बटाटे आठशे ग्रॅम, पंधरा रुपये किलोचे कांदे एक किलो चारशे ग्रॅम, अशा धाटणीची. मुलांनी हिशोब तोंडी केला आणि सुटे पैसे बरोबर परत दिले. त्याच मुलांना कागदावर भागाकार दिला तेव्हा बहुतेकांना जमला नाही. शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं नेमकं उलट झालं. त्यांना कागदावरचं बरं जमत होतं, बाजारातलं नाही. बुद्धी दोन्हीकडे आहे. दोन गणितांना जोडणारा सांधा वर्गात घातला गेलेला नाही.

तो सांधा कुठे निखळतो, हे एका वजाबाकीत दिसतं. ५२ वजा २७. दुसरी-तिसरीतली असंख्य मुलं उत्तर लिहितात ३५. शिक्षक फुली मारतात. पण त्या ३५ कडे नीट पाहिलं तर कळतं की मुलाने एक नियम पाळला आहे : मोठ्यातून लहान वजा करायचं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. नियम चुकीचा आहे, पण तो निष्काळजीपणा नाही. हे मूल ५२ ही एक संख्या म्हणून पाहत नाही, शेजारी ठेवलेले पाच आणि दोन पाहतं. त्याच्यासमोर दशकाचे पाच दांडे, म्हणजे रबराने बांधलेल्या दहा-दहा काड्या, आणि दोन सुटे ठेवा. सात सुटे द्यायला सांगा. दोनच आहेत म्हटल्यावर ते स्वतःच एक दांडा सोडवायला घेईल. बारा सुटे, चार दांडे. सात दिले, पाच उरले. दोन दांडे दिले, दोन उरले. पंचवीस. ‘हातचा’ म्हणजे काय, हे त्या दांड्याचं रबर काढताना त्याच्या बोटांना कळतं. दांडे कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत, साहित्य हरवेल म्हणून. हरवू दे. काड्या आणि रबरं पुन्हा मिळतात.

मराठी मुलासाठी आणखी एक खास अडथळा आहे. आपण ‘त्रेपन्न’ म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी. मूल ऐकल्या क्रमाने ३५ लिहितं आणि चूक ठरतं. ‘एकोणतीस’ तर त्याहून अवघड. ऐकू येतो तीस, लिहायचे २९. त्यात बावन्न, सदुसष्ट, नव्व्याण्णव, प्रत्येक नावाचा घाट निराळा, म्हणजे शंभरपर्यंतची बहुतेक नावं एकेक करून पाठ करावी लागतात. कन्नड, तेलुगूत दशक आधी बोलतात, त्यामुळे तिथल्या मुलांना हा उलटा प्रवास करावा लागत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’, ‘वीस सात’ अशी वाचनाची दुसरी पद्धत दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला आणि वाद विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा वारंवार सांगितलं की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना संख्या समजावी म्हणून सोपी जोड दिली आहे. मराठी मारली जात आहे, असा त्या चर्चेचा सूर होता. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की त्या वादात सहा-सात वर्षांच्या मुलाची बाजू फार थोड्यांनी पाहिली. ‘त्रेपन्न’ टिकलंच पाहिजे. पण ते शिकताना ‘पन्नास आणि तीन’ म्हणायची मुभा मुलाला मिळाली तर भाषेचं काहीही बिघडत नाही.

पाढ्यांचं काय? पाढे पाठ असावेत, मी त्या पक्षाचा आहे. सात आठे छप्पन्न क्षणात आठवलं तर मोठ्या उदाहरणात डोकं मोकळं राहतं. पण साताचा पाढा म्हणजे सात-सातचे गट, हे आधी मण्यांवर, बांगड्यांवर, ताटातल्या पुऱ्यांवर दिसलेलं असावं. नुसता सुरात म्हटलेला पाढा अनेक मुलांना मधूनच उचलता येत नाही. सात सक विचारलं की ती सात एकेपासून सुरू करतात.

‘लवकर लिहायला बसवलं की मूल पुढे जातं’

तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल धरण्याची ताकदच पुरेशी आलेली नसते. या वयात माती मळणं, मणी ओवणं, गाणी, गोष्टी, रांगेत लहान-मोठं लावणं हीच लेखनाची आणि गणिताची तयारी आहे. पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षं पूर्ण असावीत, हे धोरणात त्याचसाठी आहे.

‘शिक्षक शिकवतच नाहीत’

काही शिकवत नसतीलही. पण सगळा दोष तिथे ठेवला की खरी अडचण दिसत नाही. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे वाडी-वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत दोन माणसं चार-पाच वर्ग सांभाळतात. त्याच कायद्याचं २४ वं कलम शिक्षकाला सांगतं की ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करा आणि त्याच दमात सांगतं की प्रत्येक मुलाची पातळी पाहून जादा शिकवा. दोन्ही एकदम जमत नाही तेव्हा तपासणीला येणारा अधिकारी पहिलं विचारतो. पुस्तक पुढे जातं, मूल मागे राहतं.

इथे काय चालतं, याचा पुरावा आपल्याकडे आहे, आणि त्यातला काही मुंबईतच तयार झाला. प्रथमने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या : वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या तरुणी. तिसरी-चौथीत मागे पडलेली मुलं त्या रोज दोनेक तास वेगळी घेऊन बसत आणि जिथे मूल अडलं तिथून सुरू करत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. पुढे इतर राज्यांतही हे करून पाहिलं गेलं. बिहार आणि उत्तराखंडमध्ये नुसतं साहित्य आणि प्रशिक्षण शाळांना दिलं, तेव्हा फारसा फरक पडला नाही. हरियाणात मात्र शाळेच्या वेळापत्रकातच रोज एक तास ठेवला, त्या तासात मुलं इयत्तेने नव्हे तर पातळीने बसवली आणि पर्यवेक्षक नेमाने वर्गात आले. तिथे नेहमीच्या सरकारी शिक्षकांनीच मुलांचं वाचन वाढवून दाखवलं.

आपले केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी हा तास राखू शकतात. महिन्याच्या शिक्षण परिषदेत माहितीचे तक्ते भरण्याऐवजी ‘तुमच्या शाळेत उताऱ्यावर अडलेली मुलं कोणती आणि या महिन्यात त्यातली किती गोष्टीपर्यंत आली’ एवढ्याच प्रश्नावर बोलणं झालं, तर शिक्षकांना काय अपेक्षित आहे हे लगेच कळेल.

‘आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय मदत करणार’

महाराष्ट्रात ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगाव मातांचे गट तयार झाले. घरच्या वस्तू मोजायला, वर्गवारी करायला, चित्रांवरून बोलायला लावणं असे उपक्रम त्या करतात. यातल्या कशालाही आईला स्वतः वाचता येण्याची गरज नसते. भाकरीचे तुकडे मोजून वाढता येतात. दुकानातून परत आल्यावर किती दिले, किती उरले हे विचारता येतं. मूल वाचत असताना शेजारी बसून ‘मग पुढं काय झालं?’ विचारता येतं. हा प्रश्न विचारणाऱ्या निरक्षर आजीने मुलाचं आकलनच तपासलेलं असतं.

आणि पालक सभेत गुणपत्रकावर सही करण्याआधी शिक्षकांना एक विनंती जरूर करावी : पुस्तकात नसलेली एक छोटी गोष्ट माझ्या मुलाकडून आत्ता, माझ्यासमोर वाचून घ्या आणि ती कशाबद्दल होती ते त्याला विचारा. पाच मिनिटं लागतात. जिथे मूल अडखळेल, ती जागा पालकांनी आणि शिक्षकांनी मिळून वहीत लिहून ठेवावी आणि पुढच्या सभेला तिथूनच पुन्हा वाचून घ्यावं.